कागदकामाचे छापील पॅटर्न आणि ठशांच्या तंत्राची पानं कशी लावून ठेवावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅटर्नचा ढीग साचलाय. सुरुवात कुठून करू?

सुरुवातीलाच फाइल आणि पंचिंग मशीन घेऊन बसू नका. भोकं पाडून झाल्यावर वर्गवारी बदलावीशी वाटते आणि पानांची चाळण होते. आधी सतरंजीवर चार ढीग करा. पहिल्यात कापून घडवायचे पॅटर्न (डबी, पाकीट, आकाशकंदील, फूल), दुसऱ्यात ठसे, शाई, एम्बॉसिंग (कागदावर उठावाची नक्षी) यांच्या कृतींची पानं, तिसऱ्यात नुसती चित्रं आणि नक्षी, चौथ्यात अपुरं काही: सुटे भाग, अर्धी झेरॉक्स, नाव नसलेली पानं. चौथा ढीग शेवटीच बघा. त्यातल्या निम्म्या पानांचे जोडीदार पहिल्या तीन ढिगांत सापडतात.

पानं मोजायची नाहीत, उंची मोजायची. ८० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) १०० पानं साधारण १ सेंटिमीटर भरतात. ढीग ४ सेंटिमीटरच्या आत असेल तर एका जाड फाइलमध्ये सगळं मावतं आणि पुढचे बरेच प्रश्न तुम्हाला लागूच होत नाहीत.

पॅटर्न आणि ठशांच्या कृती एकाच फाइलमध्ये लावल्या तर चालतील का?

नको. पॅटर्न एका वस्तूचा असतो, तंत्र अनेक वस्तूंना लागू पडतं. हीट एम्बॉसिंगची (ओल्या ठशावर पावडर टाकून ती उष्णतेने वितळवण्याची) कृती राखीच्या कार्डामागे लावलीत, तर संक्रांतीच्या वाणाची पाकिटं करताना ती आठवणार नाही. दोन फाइली करा आणि पॅटर्नच्या पानावर कोपऱ्यात तंत्राचा क्रमांक लिहा. दोन्हींना बांधणारा धागा हा क्रमांकच, म्हणून सगळ्यात जास्त काळजी त्याची घ्या.

क्रमांक नेमका कसा द्यायचा?

एक अक्षर आणि तीन अंक. क म्हणजे कार्ड, प पाकीट, ड डबी, फ फुलं, आ आकाशकंदील, र रुखवताच्या वस्तू, ठ ठशांची तंत्रं. ड-०१४ म्हणजे चौदावी डबी. पॅटर्न तीन पानांचा असेल तर प्रत्येक पानावर ड-०१४, ३ पैकी १, ३ पैकी २ असं लिहा. ‘पैकी’ लिहिलं नाही तर एखादं पान हरवलेलं कळतच नाही, आणि कळतं तेव्हा महागाचं कार्डशीट कापून झालेलं असतं.

क्रमांक पानाच्या कोपऱ्यातच नव्हे, तर पॅटर्नच्या प्रत्येक भागाच्या आत, चिकटवायच्या पट्टीवर लिहा. कापल्यावर कोपरा जातो, पट्टी राहते आणि चिकटवल्यावर झाकली जाते.

नवीन पॅटर्न आला की पुढचा क्रमांक. मध्ये घुसवायचा नाही, ०१४-अ, ०१४-ब करायचं नाही. रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरू नका, कारण एखाद्या तंत्राच्या पानावर तो जुन्या अर्थाने लिहिलेला असतो.

नोंदीला साधी शंभरपानी वही पुरते. रकाने पाच: क्रमांक, नाव, पानं किती, तयार वस्तूचं माप, लागणारा कागद. माप लिहायचा कंटाळा करू नका. ‘षटकोनी डबी’ नावाच्या चार डब्या असल्या की मापावरूनच ओळख पटते.

वर्गवारी सणांप्रमाणे करू की प्रकाराप्रमाणे?

आम्ही ठामपणे प्रकाराप्रमाणे म्हणतो. तीच चौकोनी डबी संक्रांतीला तिळगुळासाठी, श्रावणात राखीसाठी आणि दिवाळीत मिठाईसाठी लागते. सणांप्रमाणे लावली की ती एकाच सणात अडकते, नाहीतर तीन झेरॉक्स काढाव्या लागतात.

सणासाठी पानाच्या वरच्या कडेला रंगीत ठिपका द्या: संक्रांतीला पिवळा, पोळ्याला हिरवा, महालक्ष्म्यांना लाल, दिवाळीला केशरी, लग्नसराई आणि रुखवताला जांभळा. लातूर-धाराशिवकडे येळवशीसाठी (वेळा अमावस्येसाठी) शाळेत कागदी बैल, कोपी, कडब्याची पेंढी करून घेतात, त्यालाही एक रंग ठेवा. एका पानाला तीन ठिपके चालतात. फाइल मिटलेली असतानाही कडेचे रंग दिसायला हवेत, म्हणून ठिपका अगदी काठावर द्या.

अपवाद मखर आणि मोठ्या कंदिलांचा. ते फाइलमध्ये मावत नाहीत आणि वर्षातून एकदाच निघतात.

मूळ छापील पान कापलं तर काय बिघडतं?

पुन्हा तसंच मिळेल याची खात्री नसते. मूळ पान म्हणजे बियाणं, ते राखून ठेवायचं. कामासाठी झेरॉक्स काढा आणि ती नेहमी मुळावरूनच काढा. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स असं करत गेलात तर रेषा जाड होतात, माप थोडं थोडं सरकतं आणि तुटक घडीरेषा सलग कापायच्या रेषेसारखी दिसू लागते.

वारंवार लागणाऱ्या पॅटर्नचा पुठ्ठ्याचा साचा करा. जुन्या वहीचं जाड कव्हर किंवा कॅलेंडरमागचा पुठ्ठा चालतो. घडीरेषेच्या दोन्ही टोकांना साच्यावर छोटी खाच पाडा, म्हणजे कार्डशीटवर खुणा करून पट्टीने जोडता येतात. घडी दाबायला रिफिल संपलेला बॉलपेन आणि स्टीलची पट्टी पुरते.

छापलेल्या डबीचं झाकण बसत नाही. पॅटर्न चुकीचा आहे का?

बहुतेक वेळा पॅटर्न बरोबर असतो, छपाईचं माप चुकलेलं असतं.

आपल्याकडे ए-४ कागद वापरतात, २१० बाय २९७ मिलिमीटर. अमेरिकेत बनलेले पॅटर्न लेटर मापाचे असतात, २१६ बाय २७९. ते ए-४ वर छापताना प्रिंटर ‘फिट’ पर्यायाने रुंदी बसवतो आणि चित्र साधारण ९७ टक्क्यांवर येतं, समास धरला तर त्याहूनही कमी. सगळे भाग एकाच वेळी छापले तर सगळेच सारखे लहान होतात आणि डबी बनते, फक्त जरा छोटी. घोळ होतो तो तळ एकदा छापला आणि झाकण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानात छापलं की. तळ ८ सेंटिमीटर आणि झाकण ८.२ असं धरू. झाकण ९७ टक्क्यांवर आलं तर ते ७.९५ होतं, म्हणजे तळाहून लहान. ते कसं बसणार?

यावर तीन उपाय आहेत.

दुकानात सांगायचं ते वाक्य पाठच करा: ‘ॲक्चुअल साइज, शंभर टक्के, फिट करू नका.’

प्रत्येक पॅटर्नच्या कोपऱ्यात ५ सेंटिमीटरचा चौकोन असू द्या. नसेल तर पॅटर्नमधली एखादी लांब रेषा निवडून तिचं माप नोंदवहीत लिहा. छापून झाल्यावर दुकानातच पट्टी लावा. ९७ टक्क्यांवर ५ सेंटिमीटरचे ४.८५ होतात आणि दीड मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसतो.

पॅटर्न व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवू नका. चित्र दाबलं जातं आणि छापायचं माप त्यातून निघून जातं. पीडीएफ करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

आणि माप बरोबर असूनही झाकण घट्ट होत असेल तर कागदाची जाडी बघा. १८० जीएसएमसाठी आखलेलं झाकण ३०० जीएसएमवर अडतं. जाड कार्डशीटसाठी झाकण तळापेक्षा २ ते ३ मिलिमीटर मोठं लागतं.

घडी घालताना कार्डशीट तडकतं, पांढरी रेघ दिसते. का?

घडी कागदाच्या तंतूंना आडवी गेली म्हणून. कारखान्यात बनलेल्या कागदात तंतू एका दिशेने झोपलेले असतात. कागद न मोडता हलकाच वाकवून बघा, आधी लांबीत, मग रुंदीत. ज्या वेळी सहज वाकतो, त्या वाकेची रेघ ही तंतूंची दिशा. मुख्य घडी त्या दिशेला समांतर यायला हवी. पॅटर्नवर पेन्सिलीने बाण काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी विचार करावा लागत नाही.

दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये असलेल्या कागजीपुऱ्याचा हातकागद वापरत असाल तर दिशेचा प्रश्न फारसा येत नाही, कारण हातकागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात. त्याच्या घडीला कडा मात्र धारदार येत नाही. डबीपेक्षा पाकीट, कार्ड, कंदिलाच्या पाकळ्या यांना तो शोभतो.

कोणती फाइल आणि कोणते स्लीव्ह घ्यावेत?

दोन कड्यांची लीव्हर आर्च फाइल आणि ए-४ चे पारदर्शक स्लीव्ह. स्लीव्ह पॉलिप्रॉपिलीनचे घ्या, पीव्हीसीचे नको. ओळखायला नाक पुरतं: पीव्हीसीला नव्या रेनकोटसारखा वास येतो आणि ते हाताला चिकट लागतं. लेझर प्रिंट आणि झेरॉक्सची काळी भुकटी पीव्हीसीला चिकटते. मे महिन्यात अनेक ठिकाणी पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. तेव्हा अशा स्लीव्हमधून पान ओढलं की निम्म्या रेषा प्लास्टिकवर राहतात. कपाट पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकलेलं असेल तर दुसऱ्या भिंतीला हलवा.

एका स्लीव्हमध्ये एकच क्रमांक ठेवा, त्याची पानं कितीही असोत. जाड फाइलमध्ये ६० च्या पुढे स्लीव्ह भरू नका, कड्या नीट मिटत नाहीत आणि कडेची भोकं फाटतात. विभाग दाखवणारे साधे ए-४ पुठ्ठे स्लीव्हच्या आत झाकले जातात, कारण स्लीव्ह पानापेक्षा रुंद असतो. रुंद विभाजक मागा, नाहीतर पहिल्या स्लीव्हच्या काठावरच चिठ्ठी चिकटवा.

कंदील आणि मखराचे मोठे पॅटर्न कसे ठेवावेत?

घडी घालून ठेवू नका. घडीच्या जागी रेषा फुगते आणि तिथूनच माप घेतलं तर चुकतं. कापड दुकानातून ठाणाची पुठ्ठ्याची नळी मागून आणा, गोल आणि जाड बघून. बारीक नळीत कागद इतका वळतो की उघडल्यावर चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवावी लागतात. क्रमांक नळीच्या दोन्ही टोकांना लिहा.

ए-४ वरचा पॅटर्न ए-३ करायचा असेल तर झेरॉक्स १४१ टक्क्यांवर काढायची. तेव्हा चिकटवायच्या पट्ट्याही रुंद होतात, त्या कापून पुन्हा दीड सेंटिमीटरच्या करा, नाहीतर कंदिलात दिवा लावल्यावर त्यांच्या सावल्या दिसतात.

ठशांच्या तंत्राचं पान कसं लिहावं?

छापलेली कृती जशीच्या तशी फाइलला लावणं पुरेसं नाही. ती दुसऱ्याच्या शाईवर, दुसऱ्याच्या कागदावर केलेली असते. मूळ कृतीसमोर आपलं एक पान लावा. त्यावर शाईचा प्रकार (लवकर वाळणारी पातळ डाय, हळू वाळणारी दाट पिगमेंट की पाण्याने न पसरणारी पर्मनंट), कागदाचा जीएसएम, ठशाचा क्रमांक, पायऱ्या, वाळायला लागलेला वेळ आणि ठसा कशाने धुतला, एवढं लिहा. खाली दोन नमुने चिकटवा, एक चांगला उमटलेला आणि एक बिघडलेला, बिघडलेल्याखाली कारण लिहा. आमच्या मते बिघडलेला नमुना जास्त उपयोगी पडतो. मोबाइलवरचा फोटो चालणार नाही, प्रत्यक्ष ठसाच हवा, कारण शाई कागदात किती मुरली ते फोटोत दिसत नाही.

असं भरलेलं एक पान उदाहरणादाखल द्याल का?

ठ-००३, हीट एम्बॉसिंग. कागद २५० जीएसएम, गुळगुळीत. शाई हळू वाळणारी, एम्बॉसिंगची पारदर्शक किंवा पिगमेंट.

१. पंखा बंद करा.
२. टाल्कम पावडरची छोटी पुरचुंडी कागदावरून एकदा हलकी फिरवा.
३. ठसा उमटवून लगेच एम्बॉसिंग पावडर टाका.
४. घडी घातलेल्या कागदावर जास्तीची पावडर झटका, कार्डाच्या मागे एक टिचकी मारा, उरलेली पावडर बाटलीत परत भरा.
५. नक्षीबाहेरचे कण कोरड्या बारीक ब्रशने काढा.
६. हीट गन कार्डापासून बाजूला धरून दहा सेकंद तापू द्या.
७. मग ४-५ सेंटिमीटर अंतरावरून फिरवत राहा. दाणेदार पावडर वितळून चकाकली की पुढच्या भागाकडे वळा.
८. एक मिनिट हात लावू नका.

काय बिघडतं: नक्षी सपाट आणि तेलकट दिसली तर उष्णता जास्त झाली, पावडर कागदात मुरली. खरखरीत राहिली आणि नखाने निघाली तर उष्णता कमी पडली. सगळीकडे कण चिकटले तर पुरचुंडी फिरवली नाही किंवा बोटांचा घाम लागला, पावसाळ्यात हे हमखास होतं. पावडर चिकटलीच नाही तर शाई डाय होती आणि ती वाळून गेली. हेअर ड्रायरने हे काम होत नाही, त्याचा वारा पावडर उडवतो आणि उष्णता पुरत नाही.

तयार नमुना स्लीव्हमध्ये ठेवताना वर बटर पेपर घाला.

ठसा मध्येच फिका, कडेला गडद उमटतो. काय करावं?

खाली मऊ बैठक हवी: वर्तमानपत्राची चार-पाच पानं किंवा जुना माऊस पॅड. ठसा सरळ ठेवून दाबा, झुलवू नका, झुलवला की कडेची रिकामी जागाही शाई सोडते. नवा पारदर्शक ठसा तेलकट असतो, शाईचे थेंब थेंब होतात, त्यावर आधी खोडरबर हलकं फिरवा. स्टॅम्प पॅडवर ठसा आपटू नका, हलके हलके टेकवा. मोठ्या ठशाच्या बाबतीत ठसा उताणा ठेवून पॅडच त्यावर टेकवणं बरं.

कापडावर छपाईचे लाकडी ठसे कागदावर वापरता येतात, पण त्यांची ठळक नक्षीच निवडा. हातकागदावर बारीक रेषा तुटतातच. पैठणीच्या काठाची नारळी, पदरावरचा मोर, अजिंठ्याच्या छतावरची कमळं यांची सोपी, जाड रेषांची रूपं चांगली बसतात. पैठणीची नक्षी चौकटींच्या आलेख कागदावर उतरवून ठेवा, लहान-मोठी करताना चौकटी मोजता येतात.

ऑफिसचं साधं स्टॅम्प पॅड चालेल का?

सरावाला चालेल. जांभळी शाई उजेडात उडते आणि पाण्याने पसरते, म्हणून फाइलमधल्या नमुन्याला किंवा भेटकार्डाला नको.

ठसे आणि शाई कशी ठेवावी?

एक ड्रॉइंगची वही ठशांसाठी ठेवा. प्रत्येक ठसा एकदा काळ्या शाईने त्यात उमटवा, खाली क्रमांक लिहा, तोच क्रमांक ठशाच्या मागे. शंभर ठसे डब्यातून उपसण्यापेक्षा वही चाळणं सोपं.

पारदर्शक ठसे एकमेकांवर तोंडाला तोंड लावून ठेवू नका, चिकटतात. उन्हात ते पिवळे पडतात, रबरी ठसे कडक होऊन चिरतात. फेल्टचं डाय पॅड पालथं ठेवलं की शाई वर राहते, पिगमेंटचं उताणं, सपाट ठेवा. उन्हाळ्यात झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं तरी पॅड सुकायला लागतं, दुपारी काम करताना एका वेळी एकच पॅड उघडा.

वाळवी आणि कसर यांचं काय?

वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते. फाइली जमिनीपासून निदान एक वीत वर आणि भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, महिन्यातून एकदा मागची बाजू बघा. कसर खळीवर येते, म्हणून नमुने गव्हाच्या किंवा मैद्याच्या खळीने चिकटवू नका. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, पण ते विषारी आहे, मुलांच्या कामात मुळीच नको. पांढऱ्या डिंकाचा पातळ हात पुरतो. सेलोटेप पिवळी पडते आणि डाग पाडते.

वाळलेला कडुलिंबाचा पाला कापडी पिशवीत घालून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला. ओला पाला घातलात तर बुरशी येईल. डांबरगोळ्या ठशांच्या डब्यात नकोत, त्यांच्या वाफेने थर्माकोल आणि काही प्लास्टिकं मऊ पडतात. जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. इंकजेटवर छापलेले पॅटर्न ओल्या हाताने पसरतात, त्यांची एक झेरॉक्स पावसाळ्याआधी काढून ठेवा.

मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले तर कागद टाकून देऊ का?

नाही. फोटो तिरका येतो, आयताचा समलंब चौकोन होतो आणि त्यावरून छापलेली डबी जुळत नाही. स्कॅनरवर ३०० डीपीआयला पीडीएफ करा, शेजारी पट्टी ठेवून. फाइलचं नाव नोंदवहीसारखंच: ‘ड-०१४ षटकोनी डबी ८ सेंमी’. फोटो फक्त शोधायला ठेवा.

दुसऱ्यांचे पॅटर्न वाटले किंवा त्यांवरून केलेल्या वस्तू विकल्या तर?

मोराची किंवा नारळीची परंपरागत नक्षी कुणा एकाची नाही. पण कुणी स्वतः आखलेला विशिष्ट पॅटर्न हा त्याचं काम असतं आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण त्याला असतं. पानावर कुठून घेतलं ते लिहा. बचतगटातून वस्तू विकायच्या असतील तर पॅटर्नसोबतच्या अटी वाचा. काहींना वस्तू विकलेली चालते, पॅटर्न वाटलेला चालत नाही.

वर्गात चाळीस मुलं असली तर?

चौघांत एक साचा, म्हणजे पुठ्ठ्याचे दहा साचे. ते एका पाकिटात, पाकिटावर क्रमांक आणि ‘साचे १०’. तास संपण्याआधी पाच मिनिटं मोजून घ्या. तंत्राचं पान वर्गात न्यायचं नाही, त्याची झेरॉक्स न्यायची.

काही भाग हरवलेल्या पॅटर्नचं काय करू?

बाजू सरळ असतील तर हरवलेला भाग शेजारच्या भागावरून काढता येतो, कारण चिकटणाऱ्या दोन कडा सारख्याच लांबीच्या असतात. आलेख कागदावर काढा, साध्या कागदावर एकदा घडवून बघा, जुळला तर त्यालाच क्रमांक द्या. वक्र कडा असतील आणि दुसरी प्रत मिळत नसेल तर नोंदवहीत लाल रेघ मारा आणि उरलेली पानं मागच्या कोऱ्या बाजूवर ठसे तपासायला ठेवा.